लिंकनची झोपडी ‘जशीच्या तशी’ नाहीये हो!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या जन्मगावांवर पानभर लेख होता. फोटो छान होते, मांडणी पण छान, पण त्यातलं एक वाक्य वाचून राहवेना म्हणून लिहायला बसले. लिंकन ज्या लाकडी झोपडीत जन्मला ती केंटकीत आजही जशीच्या तशी जपून ठेवलीय असं छापलंय तुम्ही. तिथे झोपडी आहे हे खरं, पण ती लिंकनची नाही, आणि हे मी माझ्या पदरचं सांगत नाहीये, ती जागा ज्यांच्या ताब्यात आहे ते नॅशनल पार्कवालेच तिला प्रतीकात्मक झोपडी म्हणतात.

झालं असं की लिंकनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, हॉजनविल गावाजवळच्या सिंकिंग स्प्रिंग नावाच्या शेतावर. कुटुंब तिथे जेमतेम दोन वर्षं राहिलं, मग जमिनीच्या मालकीची भानगड झाली आणि ते जवळच नॉब क्रीकला गेले. १८९४ साली एका धंदेवाल्या माणसाने ते शेत विकत घेतलं आणि शेजारच्या जमिनीतली एक जुनी झोपडी आणून ‘हीच ती’ म्हणून उभी केली. पण इतक्या आडगावात बघायला येणार कोण, म्हणून मग झोपडीच सोडवून ओंडके गाडीत भरले आणि शहराशहरातल्या प्रदर्शनांत फिरवली. १८९७ ला नॅशव्हिलच्या प्रदर्शनात तर तिच्याबरोबर जेफरसन डेव्हिसची झोपडी पण मांडली होती, डेव्हिस म्हणजे कोण तर यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा अध्यक्ष, लिंकनचा कट्टर विरोधक, आणि दोन्ही झोपड्या सारख्या सोडवून परत बांधताना ओंडक्यांची सरमिसळ झाली असंही म्हणतात! पुढे १९०९ ला जन्मशताब्दीच्या वेळी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने स्मारकाची कोनशिला बसवली, १९११ ला त्याच्यानंतरचा राष्ट्राध्यक्ष टाफ्टच्या हस्ते उद्घाटन झालं. ग्रीक देवळासारखी भव्य इमारत, वर चढायला ५६ पायऱ्या, लिंकनच्या वयाइतक्या. आणि आत ती झोपडी ठेवायला गेले तर लोकांना फिरायला जागा उरेना, तेव्हा इमारत नाही वाढवली, झोपडी कापून लहान केली! २००४ मध्ये ओंडक्यांमधली वर्षवलयं तपासली तर सगळ्यात जुना ओंडका १८४८ सालचा निघाला. त्या साली लिंकन ३९ वर्षांचा होता आणि वॉशिंग्टनला खासदार होता.

आता तुम्ही म्हणाल एका झोपडीवरून एवढं काय. पण एकच झोपडी असती तर मी पत्र लिहिलं नसतं. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टनचं घ्या. व्हर्जिनियात पोप्स क्रीकला १७३२ मध्ये जन्मला, ते घर १७७९ ला नाताळच्या दिवशी जळून गेलं. १९३० च्या दशकात तिथे एक देखणं विटांचं ‘स्मारक घर’ बांधलं, मूळ घर कसं दिसायचं याचं एकही चित्र नसताना, आणि नंतर खोदकामात कळलं की जागासुद्धा चुकली, ज्याला मूळ घर समजतात तो पाया बाजूलाच निघाला. थिओडोर रूझवेल्टचं न्यूयॉर्कमधलं जन्मघर १९१६ ला पाडून तिथे दुकानं काढली होती, मग तो १९१९ ला वारला तेव्हा लोकांना पश्चात्ताप झाला आणि शेजारच्या तशाच घरावरून मोजमापं घेऊन पूर्ण घर नव्याने उभारलं. लिंडन जॉन्सन तर सगळ्यांच्या वरताण, तो राष्ट्राध्यक्ष असतानाच १९६४ मध्ये त्याने टेक्सासात स्वतःचं जन्मघर नव्याने बांधून घेतलं आणि पाहुण्यांना उतरायला द्यायला लागला. जेरल्ड फोर्डचं ओमाहातलं घर आगीत गेलं, तिथे आता बाग आहे. मन्रोच्या घराचं तर फारच झालं, शार्लट्सविलजवळ हायलँड म्हणून त्याचं घर वर्षानुवर्षं लोक बघत होते, गाईड सांगत होते की बघा एवढ्या मोठ्या माणसाचं घर किती साधं, आणि २०१६ ला पुरातत्त्ववाल्यांनी सांगितलं की ही त्याची पाहुण्यांची खोली होती, खरा वाडा शेजारी जमिनीखाली आहे, पाया सापडलाय. एवढी वर्षं साधेपणाचं कौतुक चाललं होतं ते गेस्ट हाऊसचं!

अँड्र्यू जॅक्सनचं तर राज्यच ठरत नाही. १७६७ साली वॅक्सहॉज भागात जन्मला, तो भाग नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाच्या सीमेवर, तेव्हा सीमा नीट आखलेली नव्हती. तो स्वतः म्हणायचा मी साउथ कॅरोलायनाचा, पण नॉर्थवाल्यांनी रॅले या राजधानीत विधानभवनाच्या आवारात आमच्या राज्याने देशाला दिलेले तीन राष्ट्राध्यक्ष म्हणून पुतळा उभारलाय त्यात जॅक्सन घोड्यावर बसलेला आहेच. त्यातली मजा म्हणजे तिघेही, जॅक्सन, पोक आणि अँड्र्यू जॉन्सन, मोठे झाले ते टेनेसीला जाऊन. म्हणजे जन्म दिला कोणी, कमावलं कोणी, पुतळा कोणाचा.

हे झोपडीचं वेड कुठून आलं ते मात्र तुमच्या लेखात यायला हवं होतं, कारण त्याशिवाय बाकी काही कळत नाही. ते आलं १८४० च्या निवडणुकीतून. विल्यम हेन्री हॅरिसन तेव्हाच्या व्हिग नावाच्या पक्षातर्फे उभा होता, विरोधी पेपरने टोमणा मारला की या म्हाताऱ्याला सायडरचं म्हणजे सफरचंदाच्या दारूचं पिंप आणि पेन्शन द्या, बसेल आपला लाकडी झोपडीत पडून. व्हिग लोकांनी तोच टोमणा उचलला, मिरवणुकीत चाकांवर झोपड्या, बिल्ल्यांवर झोपड्या, जिकडे तिकडे सायडर, गरिबाचा उमेदवार म्हणून धूमधडाका. आणि हा गरिबाचा उमेदवार जन्मला कुठे, तर व्हर्जिनियात जेम्स नदीकाठच्या बर्कली नावाच्या मळ्यावरच्या तीन मजली विटांच्या वाड्यात, वडील स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक! त्याच निवडणुकीत डॅनियल वेबस्टर या बड्या नेत्याला भर सभेत सांगावं लागलं की मी स्वतः झोपडीत जन्मलो नाही, पण माझी मोठी भावंडं जन्मली होती हो. काय वेळ आली बिचाऱ्यावर. हॅरिसन निवडून आला आणि पदावर बसल्यापासून महिन्याभरातच वारला, पण झोपडी राहिली. त्यानंतर जो तो आपली झोपडी शोधायला लागला, काही जणांची खरी पण होती, फिलमोर, ब्युकॅनन, गारफिल्ड हे खरोखर तसल्या घरात जन्मलेले, पण मतं मिळवायला खरं-खोटं कोण तपासतंय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की जन्मघरापेक्षा माणसाने कमावून, निवडून जे घर केलं ते बघा, माणूस तिथे दिसतो. जन्म काय कोणाच्या हातात असतो का. बराक ओबामा होनोलुलूच्या हॉस्पिटलात जन्मला की नाही यावर त्या देशात वर्षानुवर्षं तमाशा चालला, शेवटी २०११ ला पूर्ण दाखला जाहीर करावा लागला, आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं, चेस्टर आर्थरबद्दल पण १८८० च्या सुमारास आवई उठवली होती की हा व्हरमाँटचा नाही, सीमेपलीकडे कॅनडात जन्मलाय. राज्यघटनेत जन्मतः नागरिक असण्याची अट आहे म्हणून हे सगळं. पण त्या दाखल्यावरून माणूस कसा होता हे काय कळणार?

लिंकनचंच बघा ना. इलिनॉयमध्ये स्प्रिंगफिल्डला एट्थ आणि जॅक्सन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर त्याचं घर आहे, हे खरं, मूळ जागेवरचं, आणि आयुष्यभरात त्याच्या मालकीचं झालेलं हे एकच घर. १८४४ मध्ये घेतलं, तेव्हा दीड मजली होतं, वकिली चालायला लागली तशी १८५६ ला वरचा मजला पूर्ण चढवला. चारपैकी तीन मुलं इथे जन्मली, एक लहानगा इथेच गेला. १८६१ च्या फेब्रुवारीत घर भाड्याने देऊन वॉशिंग्टनला गेला तो परत आला ते शवपेटीतूनच. त्याच्या मोठ्या मुलाने १८८७ ला घर राज्याला दिलं ते या अटीवर की नीट सांभाळायचं आणि लोकांकडून पैसे घ्यायचे नाहीत, आणि आजही आत जायला फुकट आहे. तुमच्या लेखात या घराला अर्धी ओळ आणि नकली झोपडीला मोठा फोटो, हे काही बरोबर नाही झालं.

आता व्हर्जिनियाकडे येते, कारण आपली बरीच मंडळी मुलांकडे जातात तेव्हा वॉशिंग्टन डीसी झालं की जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन या घरी जातातच, माझा मुलगा पण त्याच भागात असल्यामुळे मला पण नेलं होतं. पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांपैकी चार व्हर्जिनियाचे, एकूण आठ जण तिथे जन्मले, आणि त्यांची घरं म्हणजे तंबाखू आणि गव्हाच्या मळ्यांचे वाडे. माउंट व्हर्नन लांबून दगडी वाटतं, प्रत्यक्षात पाइनच्या फळ्या आहेत, दगडासारख्या खाचा पाडून ओल्या रंगावर वाळू मारलेली. १८५० च्या दशकात हे घर इतकं मोडकळीला आलं होतं की पडवीचं छप्पर जहाजाच्या जुन्या डोलकाठ्यांवर तोललेलं होतं, बोटीतून जाताना एका बाईने ते पाहिलं, मुलीला पत्र लिहिलं, आणि त्या मुलीने, ॲन पामेला कनिंगहॅम तिचं नाव, १८५३ ला बायकांची संस्था काढली. सरकार घ्यायला तयार नव्हतं, या बायकांनी वर्गणी काढून २ लाख डॉलरला १८५८ मध्ये घर घेतलं. बायकांना मताचा अधिकार नव्हता तेव्हाची गोष्ट आहे ही. आजही ते घर सरकारचं नाही, त्याच संस्थेचं आहे, तिकिटावर आणि देणग्यांवर चालतं.

पण तिथे गेल्यावर नदीकडच्या पडवीतल्या खुर्च्यांवर बसून फोटो काढून परत येऊ नका एवढं सांगते. वॉशिंग्टन १७९९ ला वारला तेव्हा त्या मळ्यावर ३१७ गुलाम होते, त्यातले १२३ त्याच्या स्वतःच्या मालकीचे, बाकीचे बहुतेक बायकोच्या आधीच्या सासरच्या इस्टेटीतले. स्वतःच्या गुलामांना त्याने मृत्युपत्रात मोकळं केलं, बायकोकडच्यांना करता येत नव्हतं. त्यांच्या राहायच्या खोल्या, त्यांचं दफनस्थान तिथेच चालत जायच्या अंतरावर आहे, आपले लोक तिकडे फिरकत नाहीत. मॉन्टिसेलोला, म्हणजे राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या घरी, तर हे अजून टोचतं. सगळी माणसं जन्मतः समान आहेत असं लिहिणारा जेफरसन, डोंगरावर चाळीस वर्षं घर बांधत-पाडत होता, पुस्तकांचा एवढा शौकीन की इंग्रजांनी कॅपिटल म्हणजे संसदेची इमारत जाळली त्यानंतर १८१५ मध्ये साडेसहा हजाराच्या आसपास पुस्तकं संसदेला विकली आणि परत नवीन घ्यायला सुरुवात केली, आणि आयुष्यभरात ६०० च्या वर माणसं त्याच्या मालकीची. ४ जुलै १८२६ ला वारला तेव्हा डोक्यावर लाखाच्या वर डॉलर कर्ज. ते फेडायला सहा महिन्यांनी, १८२७ च्या जानेवारीत, त्याच हिरवळीवर १३० माणसांचा लिलाव झाला, नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरं तिसरीकडे. घर पण गेलं, १८३४ ला उराया लेव्ही नावाच्या ज्यू नौदल अधिकाऱ्याने घेतलं आणि जवळजवळ नव्वद वर्षं त्या घराण्याने सांभाळलं म्हणून आज बघायला मिळतं. अमेरिकेच्या पाच सेंटच्या नाण्यावर १९३८ पासून जी इमारत आहे ना, ती हीच.

त्याच दिवशी, ४ जुलै १८२६ लाच, तिकडे मॅसॅच्युसेट्समध्ये क्विन्सीला जॉन ॲडम्स वारला. याच्याकडे कधीच गुलाम नव्हते. घर मळ्यावरचं बेताचं, ‘पीसफील्ड’ म्हणायचे. खरं जन्मघर बघायचंच असेल तर मी म्हणेन इथे जा, जॉन ॲडम्स आणि त्याचा मुलगा जॉन क्विन्सी ॲडम्स, बाप-लेक दोघेही राष्ट्राध्यक्ष, दोघांची जन्मघरं ७५ फुटांवर शेजारीशेजारी, आणि मूळ जागेवर उभी. इथे कोणी झोपडी फिरवली नाही, कापली नाही.

ओहायोबद्दल तुमच्या लेखकाने लिहिलंय की तिथली माती काही वेगळीच. माती-बिती काही नाही हो. सात जण तिथे जन्मले, ते सगळे १८६९ ते १९२३ या काळात राष्ट्राध्यक्ष झाले, आधी नाही नंतर नाही. कारण सरळ आहे, यादवी युद्धानंतर लोकसंख्या भरपूर, मतदान अटीतटीचं, म्हणून पक्षाला तिथलाच उमेदवार हवा, आणि ग्रँट, हेज, गारफिल्ड, बेंजामिन हॅरिसन, मॅकिन्ली हे सगळे उत्तरेच्या सैन्यात लढलेले. घराच्या अंगणातून निवडणूक लढवायची पद्धत पण यांचीच. १८९६ ला मॅकिन्ली कॅन्टनच्या आपल्या घराच्या ओसरीतून हललाच नाही, रेल्वेने तिकीट स्वस्त केलं, साडेसात लाखांच्या आसपास माणसं त्याच्या दारात येऊन भाषण ऐकून गेली, गवत तुडवलं, कुंपणाच्या फळ्या आठवण म्हणून घरी नेल्या. आता ते घर नाही. आणि हो, ओहायोवाले आठ सांगतात, कारण झोपडीवाला हॅरिसन नंतर तिथे राहिला म्हणून त्यालाही धरतात, व्हर्जिनिया पण त्याला सोडत नाही, तेव्हा ती भांडणं त्यांची त्यांना लखलाभ.

मला सगळ्यात आवडलेलं घर ट्रूमनचं. मिसुरी राज्यात इंडिपेन्डन्स गावात, आणि गंमत म्हणजे ते घर त्याचं नव्हतंच, सासूबाईंचं होतं! १९१९ ला लग्न झाल्यावर हा गडी घरजावई म्हणून राहिला. सासूबाईंना जावई आपल्या तोलामोलाचा कधी वाटला नाही असं सांगतात, जावई राष्ट्राध्यक्ष झाला तरी, आणि त्या व्हाइट हाऊसमध्ये लेकीबरोबर राहिल्या आणि १९५२ च्या डिसेंबरात तिथेच वारल्या. त्यांच्या पश्चात घर ट्रूमन नवरा-बायकोच्या मालकीचं झालं. १९५३ ला निवृत्त होऊन ट्रूमन तिथेच परत गेला, तेव्हा माजी राष्ट्राध्यक्षाला पेन्शन नव्हती, १९५८ ला कायदा झाला. हिरोशिमावर बॉम्ब टाकायचा हुकूम देणारा माणूस आणि हा सासूच्या घरातला जावई एकच, हे पचायला जड जातं, पण ते घर बघितल्याशिवाय हा दुसरा माणूस समजतच नाही.

कूलिजचं व्हरमाँटमधलं गाव असंच, १९२३ ला राष्ट्राध्यक्ष हार्डिंग अचानक वारला तेव्हा हा उपराष्ट्राध्यक्ष, सुट्टीला वडिलांकडे आलेला होता, पहाटे पावणेतीनला रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात वडिलांनीच, ते नोटरी होते म्हणून, मुलाला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली.

आणि शेवटी कार्टर, ज्याच्यावर तुम्ही ‘शेंगदाण्याचा शेतकरी’ एवढंच लिहून सोडलंत. जॉर्जियातलं प्लेन्स, सहा-सातशे वस्तीचं गाव. हॉस्पिटलात जन्मलेला हा पहिला राष्ट्राध्यक्ष, १ ऑक्टोबर १९२४, कारण आई लिलियन तिथेच नर्स. १९६१ ला बांधलेल्या साध्या दोन बेडरूमच्या घरात, व्हाइट हाऊसनंतर जवळजवळ चव्वेचाळीस वर्षं राहून, शंभरी पूर्ण करून २९ डिसेंबर २०२४ ला त्याच घरात वारला. पण आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे ही लिलियन बाई, वयाच्या ६८ व्या वर्षी पीस कॉर्प्स या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक संस्थेतर्फे मुंबईला आली, १९६६ ते ६८ दरम्यान विक्रोळीला गोदरेज कॉलनीत राहून तिथल्या दवाखान्यात काम केलं, कुटुंबनियोजनाचं, मग नर्सचं, कुष्ठरोग्यांचं पण. तेव्हा मुलाला जॉर्जियाबाहेर कोणी ओळखत नव्हतं. आणि मुलगा स्वतः २००६ मध्ये बायकोला घेऊन लोणावळ्याजवळ आला तो भाषण ठोकायला नाही, हॅबिटॅट संस्थेच्या कामात गरीब कुटुंबांसाठी १०० घरं बांधायला, ऐंशी पार केलेली असताना हातात हातोडी घेऊन.

मराठी पेपरच्या मराठी पुरवणीत हे दोन्ही नसावं याचं मला खरंच नवल वाटलं. केंटकीच्या झोपडीपेक्षा विक्रोळी आणि लोणावळा तुमच्या वार्ताहराला जवळ आहे, लोकलने जाऊन येईल. लोणावळ्याजवळच्या त्या घरांत आज कोण राहतं, भिंती-छप्पर कसं टिकलंय, मूळ कुटुंबं आहेत का विकून गेली, हे कोणी जाऊन बघितलं तर मी तो अंक जपून ठेवेन. आणि विक्रोळीच्या जुन्या रहिवाशांपैकी कोणाला ती गोरी म्हातारी नर्स आठवत असेल तर त्यांनी कृपया याच पत्रव्यवहारात लिहावं.

आपली,
एक नियमित वाचक, डोंबिवली